प्रभुभोजनाआधीचा समेट

५ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. पाळकसाहेबांचा फोन. १ डिसेंबरला, प्रभुभोजनाच्या रविवारी, 'मतभेदातही ख्रिस्ती प्रीती' या विषयावर मी चर्चमध्ये दहा मिनिटं बोलायचं. मलाच का, विचारलं. म्हणाले, तुम्हाला या विषयाची फार गरज आहे. विषयाला माझी गरज आहे असं म्हणायचं असणार.
हिला सांगितलं. ही हसली. कारण सांगितलं नाही.

६ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
झोप नाही. जिवंत उदाहरण हवं. सापडलं: मी आणि लालासाहेब. रिटायर्ड सुभेदार, आमच्याच चर्चच्या मंडळीतला, छत्तीस वर्षांचा दोस्त. माझा गुडघा बिघडल्यापासून दर रविवारी स्कूटरवर मागे बसवून मला चर्चला नेतो. मत मात्र आमच्या विरोधातल्या पक्षाला. तरीही मी त्याच्यावर प्रीती करतो. याहून मोठं उदाहरण अख्ख्या विश्रामबागेत नसेल.
निश्चय: विधानसभेच्या मतदानापर्यंत त्याच्यासमोर राजकारणाचा एक शब्द नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
निश्चय पाळला. दुसऱ्या सिग्नलपर्यंत. तिथे त्यांच्या उमेदवाराचा फलक. मी एवढंच म्हणालो, की असल्या तोंडाच्या माणसाला रेशनचं दुकानही चालवता येणार नाही. यात राजकारण कुठे आलं? लालासाहेब म्हणाला, गड्या, आज रविवार हाय, गप बस की जरा.
किती चिडका झालाय! उपासनेत मी मुद्दाम मोठ्याने गायलो.

१४ नोव्हेंबर, दुपारी ३
मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. लालासाहेबने त्यांच्या सभेचा फोटो टाकला. प्रार्थनेच्या ग्रुपवर! (सकाळी मी आमच्या सभेचा टाकला होता, पण ती माहिती होती.) त्याला प्रेमाने समजावलं. एकवीस मेसेज. त्याचं उत्तर एकच: उद्या गुडघ्याच्या डॉक्टरकडं किती वाजता निघायचं?
मुद्द्याला बगल. नाइलाजाने ग्रुपमधून काढलं. मनात कडवटपणा अजिबात नाही. काढण्याआधी हात जोडल्याची इमोजी टाकली.

१५ नोव्हेंबर
डॉक्टरकडे रिक्षाने. ही म्हणते, लालासाहेब पाऊण तास पुढच्या दारात स्कूटर घेऊन उभे होते आणि तुम्ही मागच्या दाराने पळालात. पळालो नाही. गुडघ्यामुळे मला पळता येत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
रिक्षाने चर्च. रिक्षात फार हादरे. लालासाहेब शेवटच्या बाकावर जाऊन बसला. रुसलाय. मला काय! मी चार वेळा मागे वळून पाहिलं, ते पंखा चालू आहे का बघायला.

२३ नोव्हेंबर, शनिवार. निकाल
आमचे आले!! विजयात नम्रता हवी. म्हणून साताऱ्याहून आणलेल्या कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्वतः लालासाहेबच्या घरी गेलो. दारात फटाक्यांची एक माळ लावली, छोटीशीच. दार त्याच्या बायकोने, हरणाबाईंनी उघडलं. म्हणाल्या, आवं, ह्यास्नी शुगर हाय, तुमाला ठावं न्हाई व्हय?
ठाऊक होतं. आनंदात राहून गेलं. लालासाहेब बाहेर आला. म्हणाला, तू आणलायस तर एक खातो. उभ्या उभ्या खाल्ला. पाणी प्यायला.
याचा अर्थ पराभव मान्य. आता उरली फक्त माफी. ती त्याने मागायची.

२७ नोव्हेंबर
जेवण जात नाही. भाषणाचा नववा कच्चा मसुदा फाडला. पण कल्पना सुचली! पाळकसाहेबांना पटली: माझ्या भाषणानंतर, भाकर वाटण्याआधी, ज्याचं मन कुणाविषयी कडू झालंय त्याने उठून त्या माणसापाशी जायचं, हात हातात घ्यायचा. मगच प्रभुभोजन. लालासाहेबची चांगली सोय झाली. एकट्याने उठायला लाजला असता.

३० नोव्हेंबर
आरशासमोर सराव. तो येतो, मी उठतो, त्याला मिठी मारतो, रुमाल डोळ्यांना लावतो. गुडघ्यामुळे उठायला वेळ लागतोय. पहिल्या बाकावर, कडेला बसायचं, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

१ डिसेंबर, रविवार, दुपारी २
भाषण उत्तम झालं. दहाऐवजी सव्वीस मिनिटं.
मग पाळकसाहेबांनी सूचना दिली. मी रुमाल काढून बसलो.
पहिला उठला कॉयरमध्ये गाणारा विश्वजीत. सरळ माझ्याकडे आला. हात धरून म्हणाला, काका, तुम्ही मला ग्रुपवर देशद्रोही म्हणालात, फार राग होता, आज सोडला. मी थक्क. त्याच्या मागे संडे स्कूलची पल्लवी. तिच्या मागे खजिनदार मानसिंग. बाकाशेजारी रांग लागली. बाकी चर्चमध्ये कुणीच कुणाकडे जाईना, सगळे माझ्याकडेच. अकरा माणसं मोजली. बारावी बायकांच्या बाजूने आली. ही! हात धरून म्हणाली, घरी सांगते.
लालासाहेब जागचा हललाच नाही.
उपासना सुटल्यावर लंगडत त्याला गाठलं. विचारलं, एवढी संधी दिली, उठला का नाहीस? म्हणाला, माज्या मनात तुज्याबद्दल कायबी न्हाई रं. मग कशाला उठू? मी आपला तुजी वाट बघत बसलो व्हतो.
मग म्हणाला, चल, बस मागं.
बसलो. दुसऱ्या सिग्नलला तो फलक अजून आहे, एका बाजूने फाटलेला. मी त्यावर एक शब्द बोललो नाही. त्याला 'माफ कर' म्हणायचं होतं. घर येईपर्यंत तेही बोललो नाही.