पाया पडायचे राहिले

चिरंजीव गणराज यास,
चऱ्होलीहून अनेक आशीर्वाद.

कंपनीने तुला परगावी धाडले असताना आज तुझ्या लेकीने, स्वरूपाने, तिरंदाजीच्या वर्गात प्रथमच धनुष्य हाती घेतले. थोरांच्या पाया पडल्यावाचून नवे कार्य आरंभू नये, ही शिकवण तिला माझीच. मी मात्र सावली पाहून निशाणांच्या बाजूस बसलो होतो. इतर मुलांनी दोऱ्या ताणल्या असताना ती बाण सोडण्याची रेषा ओलांडून माझ्याकडे धावली.

"ए पोरी, थांब!" सर ओरडले. तोवर एक बाण सुटला होता. तो तिच्या वेणीजवळून गेला.

"आजोबा, पाया पडायचं राहिलं होतं ना!" ती हसून म्हणाली.

फोनवर तुला "सर्व क्षेम आहे" एवढेच सांगितले. हे पत्र टाकण्याचेही धैर्य होत नाही.

उद्या तिला उंबऱ्यातच पाया पडू देईन. "यशवंत हो" म्हणण्याचा माझा रिवाज आहे. उद्या केवळ "औक्षवंत हो" म्हणेन.

तुझे वडील,
उद्धवराव