पिवळ्या दिव्याचा अर्थ

जयनगर, गुरुवार

प्रिय अभि,

आधी पोटभर हसून घे. तुझी कल्पना अक्का, वय वर्षे त्रेपन्न, गाडी चालवायला शिकली! लायसन्सवरचा फोटो बघून तुझे भावोजी म्हणाले, पोलीस अडवणार नाहीत, घाबरून सोडून देतील. त्यांचा गुडघा आता पुष्कळ सुधारलाय. भाजीला चालत जातात आणि भाजीवाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालून येतात. फक्त क्लच फार वेळ दाबवत नाही, म्हणून किल्ली माझ्याकडे आली. हो, तीच गाडी. अपघातानंतर दुरुस्त होऊन आली आणि शेडमध्येच पडून राहिली. तूही तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, आमच्या दाराशी फिरकला नाहीस. तुझं सर्जापूर रोडचं घर काही परदेशात नाही रे. दिवाळीला मिठाईचा डबा कुरियरने येतो आणि भाऊ येत नाही, याचा मला राग येतो. रडूही येतं.

पण माझा पराक्रम ऐक. टायरची हवा मोजायचं मीटर विकत आणलं. गेल्या महिन्यात होसकोट्याहून परत आले आणि फाटकात गाडी उभी करून लगेच मोजायला बसले. चारही टायर अडतीस! ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तेहतीस लिहिलंय. म्हटलं, बघा, पंपावरची माणसं वाटेल तेवढी हवा कोंबतात. एकेका टायरची जादा हवा सोडली आणि दिवसभर भावोजींपुढे मिरवत होते. पंधरा दिवसांनी, थंडीच्या सकाळी गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा. घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह. मीटर लावलं तर सव्वीस.

शिवाजीनगरला आपले ते टायरवाले अण्णा आहेत ना, त्यांच्याकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. गाडी धावली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि आकडा चढतो. मोजायचं ते सकाळी, गाडी हलायच्या आधी. माझे टायर मुळात अगदी बरोबर होते, ते मीच बिघडवले. मग डॅशबोर्डवरच्या एकेका दिव्यावर बोट ठेवून त्यांनी मला शिकवलं. लाल दिसला की थांबायचं. पिवळा दिसला की थोडी सवड आहे, पण दुर्लक्ष करायचं नाही. मी आपली ‘सरी, सरी’, म्हणजे बरं, बरं, म्हणत मान हलवत होते.

सहज विचारलं, हा नालेचा दिवा तसाच राहू दिला तर काय होतं? ते म्हणाले, कमी हवेचा टायर रस्त्यावर चेपत राहतो, आतून तापतो आणि एक दिवस फुटतो. मी विचारलं, हळू चालवली तरी? ते म्हणाले, साठनेसुद्धा फुटतो अक्का, लांब पल्ल्यात तर हमखास. मी पुन्हा विचारलं, साठनेसुद्धा? त्यांनी स्टूल पुढे केलं आणि चहा मागवला. तो माझ्या हातात तसाच गार झाला.

टायर फुटला तेव्हा साठच्या वर नव्हतो, असं तू हॉस्पिटलच्या दारात पुन्हा पुन्हा सांगत होतास. नरसिंहरावकाका चारचौघांत म्हणाले, या पोराला वेग आवरत नाही. भावोजी आत ऑपरेशनच्या टेबलावर होते. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस, आणि मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही.

अभि, आता जे लिहिते ते बसून वाच. तुम्ही दोघं तुमकूरला निघालात त्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा होती. मी गाडीला हार घातला, चाकांना हळदकुंकू लावलं, लिंबं ठेवली, किल्ली फिरवली आणि गाडी लिंबांवरून पुढे घ्यायला तुझ्या भावोजींना हाक मारली. ते येण्याआधीच समोर हाच नालेचा पिवळा दिवा लागला होता. सणासुदीला गाडीत असलं काही डोळे वटारून बघतंय, हे मला आवडेना. पर्समधली मोठी टिकली काढली आणि त्यावर चिकटवली. कुणाला दिसू नये म्हणूनच. अपघातानंतर गाडीतलं सामान काढायला गेले, तेव्हा ती खरवडून काढली. मनाला समजावलं, की एवढ्याशा दिव्याने काय होतंय. आता ते समजावणं चालत नाही. तुला तो दिवा दिसलाच नाही, कारण मी तो झाकला होता. काल भावोजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, फोन करू नकोस, फोनवर तो लगेच जाऊ दे अक्का म्हणून मोकळा होईल. लिही, म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा वाचता येईल. म्हणून लिहिलं. चूक तुझी नव्हती. काकांनाही मी हेच सांगून आले, त्यांच्या घरी जाऊन, सगळ्यांसमोर. रविवारी सकाळी, गार टायरची हवा तपासून, भावोजींना शेजारी बसवून मी सर्जापूर रोडला येते आहे. तुला राग येईल, येऊ दे. हवं तेवढं बोल मला. फक्त दार उघड.

तुझीच,
चुकलेली अक्का