आतड्याचं मौन

प्रिय भोपळेराव यांस,

जुन्या बाकसोबत्याचा पडल्या पडल्या नमस्कार.

सातवीतल्या कवितेच्या तासाचा तो आवाज आठवतो? गुरुजी डोळे मिटून कविता म्हणत होते, नदीवर संध्याकाळ उतरत होती, सगळा वर्ग श्वास रोखून बसला होता, आणि तेवढ्यात आपल्या बाकावरून फाटक्या तुतारीसारखा एक सूर निघाला. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं (मीही पाहिलं) आणि तू तासभर बाकावर उभा राहिलास. तुझे गुडघे आता कसे आहेत? वहिनींचा खोकला?

माझं म्हणशील, तर मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून उरलेली दोन टोकं जोडली, त्याला आज चौथा दिवस. बाकी सगळे अवयव जागे झाले, आतडं तेवढं रुसून बसलंय. वारा सरेपर्यंत घोटभर चहासुद्धा नाही, आणि उद्या सकाळपर्यंत सरला नाही तर नाकातून नळी, असा डॉक्टरांचा हुकूम. ज्या गोष्टीपायी घरच्यांनी मला जन्मभर गॅलरीत पिटाळलं, तिच्यासाठी आता सूनबाई ऑफिसातून तासातासाला फोन करते, "बाबा, काही खबर?" (माझ्या मॅट्रिकच्या निकालाची एवढी वाट कुणी पाहिली नव्हती.) मी मनातल्या मनात ढगांच्या कविता म्हणतो. गडगडतं, पण बरसत नाही.

आज भेटायच्या वेळेत विहीणबाई आल्या. पदर सावरून खुर्चीत बसल्या, लेकीचं कौतुक सुरू केलं, आणि नेमका तेव्हाच, भोपळ्या, तोच सूर! साठ वर्षांत पट्टी बदललेली नाही. नर्सबाई धावत आल्या, हरखून विचारू लागल्या, कुणाचा, कुणाचा? आणि मी सवयीनं शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

तिथे कालच पोट शिवलेला एक शिंपी गुंगीत पडलाय. बाईंनी विचारलं, त्यानं झोपेतच मान हलवली. झालं. माझा वारा त्याच्या कागदावर चढला. चार वाजता त्याला सूप मिळणार, त्याचं आतडं अजून झोपलेलं असताना. विहीणबाई उठून गेल्या. आता पावणेचार झालेत.

तुझा,
बाकाच्या भिंतीकडच्या टोकाचा

ता.क. सातवीतला सूरही माझाच होता. तुला तेव्हाच कळलं असणार, तरी माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याजवळ असू दे.

ता.क. दुसरा. खरं काम हे, की तूच नर्सबाईंना फोन करून सांग, हा माणूस लहानपणापासून असाच आहे. (पत्र पोचेपर्यंत शिंप्याचं सूप पिऊन झालेलं असेल, हे कळतं मला. म्हणून आत्ताच घंटीचं बटण दाबलंय. सांगताना जीभ वळली म्हणजे मिळवली.)

ता.क. तिसरा. नर्सबाई वाडगा घेऊन दारात आल्यात, पण त्यांची वाट अडवून विहीणबाई उभ्या आहेत. लिफ्टपासून परत फिरल्या म्हणे. बोट थेट माझ्याकडे. "त्या शेजारच्यांचं सूप थांबवा. आवाज आमच्या व्याह्यांचा होता."

टाके ओले आहेत, तुझ्यासारखं उभं राहता येत नाही. ताठ बसलोय.