पाणी पाहिलेली मशीनं

अण्णा,

तुमचा दमा आता कसा आहे? तिकडे धूळ नसेल आणि रॉकेलचा वासही नसेल, तेव्हा बराच असावा. आईचे गुडघे? तिला उकिडवं बसून भांडी घासू देऊ नका. तिकडेही ती ऐकत नसणार हे ठाऊक आहे मला. दासगावच्या आत्याला अजून कमी ऐकू येतं, की आता सोयीचं तेवढंच ऐकते? आणि आमचे हे तुमच्याकडे आले त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांच्या चहात साखर घालू नका, कितीही गोड बोलले तरी. तुम्ही सगळे एका ठिकाणी जमलात आणि इकडे घरातलं जुनं माणूस म्हणून मी एकटी उरले. माझं विचाराल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा पुन्हा एका दमात ओवते. मुलगा एमआयडीसीत पाळीवर जातो, त्याची पाठ धरते. सूनबाई ठणठणीत आहे. दुकान आता तीच बघते, आणि हे पत्र तिच्यामुळेच लिहायला घेतलंय.

यंदा सावित्री पुन्हा पूर घेऊन दुकानात आली. तुम्हाला त्याचं नवल वाटणार नाही. आम्ही शिवणाची जुनी पायमशीनं, दोऱ्यांची खोकी, बॉबिनचे डबे सगळं माळ्यावर चढवलं. नुकताच आलेला नवा माल मात्र, मोटरवाली मशीनं, दुसऱ्या फळीच्या वर नेऊन ठेवला आणि निश्चिंत झालो. तुम्हीच सांगायचात ना, पाणी दुसऱ्या फळीपाशी येतं आणि मागे फिरतं. साऱ्या घराची त्या फळीवर अशी श्रद्धा की दरवर्षी तिला आधी हळदकुंकू, मग गल्ल्याला. यंदा नदीने फळी मानली नाही. पाणी उतरल्यावर शटर उचललं तर आत चिखल, आणि पुठ्ठ्याची खोकी भिजलेल्या पोळीसारखी जमिनीला चिकटलेली. मुलगा फावडं आणायला गेला. सूनबाई मात्र त्या फळीकडे बघत म्हणाली, "आई, हिचं हळदकुंकू आता बंद." आणि तशातही मला हसू आलं, काय करणार.

चिखल काढताना सारखे तुम्हीच दिसत होतात. मी परकर-पोलक्यातली. मागच्या अंगणात गोणपाट अंथरलंय आणि त्यावर उघडी केलेली मशीनं न्हाऊ घातलेल्या पोरांसारखी उन्हात बसली आहेत. तुम्ही बनियनवर, एकेक भाग रॉकेलात बुडवून ब्रशने घासता. आई जुन्या लुगड्याच्या चिंध्या पुरवते आणि मध्येच तुम्हाला चहा घ्या म्हणून ओरडते. ऊन खाऊन, तेल पिऊन मशीन पुन्हा सुरेख चालायला लागतं, आणि मग तुम्ही त्याच्या चाकाला निळ्या दोऱ्याची गाठ मारता. मी विचारते, हे कशाला? तुम्ही म्हणता, "यानं पाणी पाहिलंय." मी म्हणते, "पण किती छान चालतंय, अण्णा. गिऱ्हाइकाला कुठे कळणार आहे?" तुम्ही कधी ओरडला नाहीत, पण हातातला ब्रश खाली ठेवलात की मी समजायचे, चुकलं. तो ब्रश तुम्ही खाली ठेवलात. "कळणार नाही, म्हणूनच बांधायचा. कळलं असतं तर दोरा कशाला खर्ची घातला असता?" एवढंच बोललात आणि पुढचं चाक हातात घेतलंत. बाजारातले लोक तुम्हाला हसायचे. समोरचे भांडीवाले म्हणायचे, हा माणूस माल विकतो की मालाची दुखणी सांगत बसतो. तुम्ही म्हणायचात, दोन्ही.

तर यंदाही आम्ही अंगणात गोणपाट अंथरलं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलवर भागवलं. मशीनं धुतली, सुकवली, तेल दिलं, आणि मी माझ्या हाताने निळ्या गाठी मारत होते तेव्हा घाटावरचा एक व्यापारी आला. पुरानंतर असे लोक येतातच. बोलायला गोड, पायात पांढरे बूट, चिखलातून वाट काढत आला. "आजी, सगळा लॉट उचलतो. नवी खोकी माझ्याकडे छापून मिळतात. तिकडं कुणाला तुमचा पूर माहीत नाही. फक्त तो दोरा सोडा, राखीपौर्णिमा झाल्यासारखं दिसतंय." भाव त्याने बरा सांगितला. हो म्हटलं असतं तर गणपतीच्या आधी दुकान पुन्हा भरलं असतं. नाही म्हटलं तर भरायचं कशातून, हा प्रश्न होताच. मुलगा आदल्या दिवशीच म्हणाला होता, या खेपेला सावरलं नाही तर शटर कायमचं पाडू, हिला कारखान्याच्या ऑफिसात चिकटवू. सूनबाई व्यापाऱ्याला म्हणाली, उद्या सांगते.

संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती आणि तिचा मोबाइल डब्याला टेकून उभा होता. ती त्याच्यावर व्यवस्थापनाचा अभ्यास करते, घरबसल्या. त्यात नेमका धंद्यातल्या नीतीचा धडा चालला होता. मी म्हटलं, नीतीचा धडा असतो? ती म्हणाली, "असतो, आणि मार्कही असतात." तुम्हाला ठाऊक आहे, चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून वाढलेली मी, तो धडा तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. एक पंथ म्हणतो, कशाने सगळ्यांचं मिळून जास्त भलं होतं ते बघा. सूनबाई म्हणाली, मग व्यापारी खूश, आपण खूश, लांब कुठल्या तरी गावात मशीन चालतंय तोवर तीही बाई खूश. मी म्हटलं, आणि ते अडेल तेव्हा? तिला या बेरजेत कोणी धरली? ती इथे समोर नाही म्हणून? दुसरा पंथ म्हणतो, सगळ्यांनी असंच केलं तर चालेल का, ते स्वतःला विचारा. त्यावर ती तवा उतरवून हसायलाच लागली. "तर महाडात पुरानंतर मी साधा मिक्सरही घेणार नाही, आई." तिसरा म्हणतो, नियम आणि फायदा राहू दे, असं केल्याने तुम्ही कसलं माणूस व्हाल ते बघा. हा मला ओळखीचा वाटला. तुमच्यासारखा, फार न बोलणारा. पण खरं सांगू, तिघंही मला लग्न ठरवायला आलेल्या आत्यांसारखे वाटले. प्रत्येकीचं म्हणणं बरोबर, आणि मुलगी मात्र आपल्यालाच द्यायची असते. भाकरी फुगली तशी मी म्हटलं, आपल्याला कशाला एवढा घोळ? अण्णांची रीत आहे, सांगून विकायचं. दोरा राहील, माल इथेच विकू, हळूहळू. ती हो म्हणाली. मी समाधानाने जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरंधहून एक बाई आली. एसटीतून उतरून थेट दुकानात, हातात पिशवी, पदर खोचलेला. "मावशे, निळ्या दोऱ्याची मशीनं आलीत म्हनं?" मी म्हटलं, आलीत गो, बस. ती बसली नाही. तिने सरळ मोटरच्या मशीनवर हात ठेवला. गावात ब्लाउज शिवून द्यायचे होते, आणि चढउतार करून गुडघा गेलेला, पाय मारवत नाही म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. पाणी पाहिलंय, मोटरही बुडालेली होती, सुकवली आहे, चालते, पण हमी नाय. "तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. उद्या काय झालं तरी तुमच्या दारात भांडायला येनार नाय. दोरा हाय ना? मग द्या." मी मशीन पुसायला फडकं घेतलं. अण्णा, तुमची रीत पुरी झाली होती. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "ही नाही देत मी."

मला राग आला. गिऱ्हाइकासमोर आला, हे वाईट. मी म्हटलं, अगं, सांगितलंय सगळं, तिने ऐकलंय, तुझ्या आजेसासऱ्यांपासून असंच चालत आलंय. ती माझ्याकडे वळली, आवाज न चढवता. "आजोबांच्या मशीनला वीज नव्हती, आई. पाणी पाहिलेलं चाक फार तर अडतं. पाणी पाहिलेली मोटर माणसाला धरते." मग म्हणाली, "परीक्षेत मी लिहिलं असतं, ग्राहकाला पूर्ण माहिती दिली, निर्णय त्याचा. मार्कही मिळाले असते. पण त्यांचा गुडघा दुखतो म्हणून त्या हो म्हणतायत. आपण सांगून सुटलो. त्या कुठे सुटल्या?" वरंधची बाई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "तुमचं मिटलं की मला सांगा गो. माझी गाडी दुपारची हाय."

फडकं माझ्या हातातच राहिलं. इतकी वर्षं मी धरून होते की सांगणं म्हणजे सगळं झालं. सूनबाईने पान्हा घेतला आणि मोटर काढायला सुरुवात केली. वरचं मशीन चांगलं होतं, ते तिने माळ्यावरच्या जुन्या पायाच्या स्टँडवर बसवलं, पट्टा चढवला, चालवून बघितलं. "आता हे घेऊन जा. नवी सुकी मोटर आली की तुमच्या घरी येऊन बसवून देईन, मोटरच्याच भावात, बसवायचे वेगळे नाहीत." बाईने तोंड वाकडं केलं. "म्हंजे आले मोटर न्यायला आनि जाते पाय घेऊन." मग जरा विचार करून स्वतःच म्हणाली, लेक हाय बारावीची, संध्याकाळची पाय मारंल, माझे हात हायतच. निळी गाठ तिने बोटाने ओढून बघितली, पक्की आहे का म्हणून, आणि भाव आणखी थोडा पाडून घेतला. तो पाडला नसता तर मलाच चुकल्यासारखं झालं असतं.

काढलेल्या सगळ्या मोटरींच्या वायरी सूनबाईने कापडाच्या कात्रीने मुळाशी कापल्या, भंगारातून उचलून कोणी पुन्हा जोडू नये म्हणून. कात्रीची धार गेली. दुपारी तो व्यापारी आला, उघडी मशीनं आणि मुंडण झालेल्या मोटरी बघून कपाळाला हात लावला. "ताई, तुम्ही दुकान चालवता की देऊळ?" ती म्हणाली, "दुकानच. उद्या पण उघडायचंय." तो निघाला, पायरीवर थांबला, आणि माळ्याकडे मान करून हळूच विचारलं, "घरी मंडळींना एक पायमशीन हवंय. यातलं पाणी न पाहिलेलं कुठलं?" सूनबाईने बिन दोऱ्याचं एक उतरवून दिलं. त्याने ते उघडूनही बघितलं नाही, गाडीत घातलं. तो गेल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत राहिलो, नाहीतर हसू आवरलं नसतं.

दुकान अजून भरलेलं नाही. फळ्या अर्ध्या रिकाम्या आहेत, आणि मुलगा महिनाअखेरीला अजूनही कपाळाला आठ्या घालतो, पण शटर पाडायचं नाव काढत नाही. नवी मोटर आली तशी सूनबाई ती पिशवीत घालून एसटीने वरंधला जाऊन बसवून आली. परत आली ती त्या बाईने दिलेले तांदूळ घेऊन, आणि सांगत होती की लेकीला आता मोटर नको झालीये, तिला पायाचाच नाद लागलाय. गाठ अजून चाकावर आहे म्हणे. शिवायला येणाऱ्या बायका विचारतात, ती सांगते, आणि दोनचार जणी आमचा पत्ता विचारून गेल्या.

अण्णा, तुम्ही ती मोटर दिली असतीत का, हे मला विचारायचंय. मला वाटतं नसतीत. मला वाटतं या खेपेला तुम्ही ब्रश खाली ठेवला असतात तो माझ्याकडे बघून. पण माझं वाटणं वेगळं आणि तुमच्या तोंडून ऐकणं वेगळं. हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही एवढं मला कळतं. पायमशीनच्या खणात ठेवते, बॉबिनच्या डबीखाली. दुकान उघडलंत की तुमचा हात पहिला तिथेच जायचा.

आणि एक. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की निळा म्हणजे पाण्याचा रंग, अण्णांनी फार विचार करून निवडला होता. सूनबाईने ते तिच्या अभ्यासाच्या उत्तरातसुद्धा लिहिलं. खरं म्हणजे मला काही ठाऊक नाही. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. मनातून मला वाटतं, त्या वर्षी निळी रिळं खपली नसावीत. काय ते खरं लिहून कळवा, आणि जरा लवकर कळवा.