शिवेच्या आतला गोवा

२ नोव्हेंबर
रिपेरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मोबाईलवर कॉमेडी पिच्चर पाहिला. चार दोस्त. एकाचं लग्न जमते, अन् त्याआधी चौघं फिरायला जाऊन सगळा गोंधळ घालतात. लय हसलो. शेवटी डोळ्यात पाणी आलं, ते सोल्डरिंगच्या धुरानं.
निर्णय घेतला. अंगदचं लग्न सात डिसेंबरला हाय. त्याआधी गोवा. अंगद, सोमेश्वर अन् मी. लहानपणापासून तिघंच, चौथा लागत न्हाई. मला स्वतःला गोव्याचं काही अप्रूप न्हाई. दोस्तासाठी करून राहिलो.

५ नोव्हेंबर
दोघांनाही पिच्चर दाखवला. सोमेश्वर म्हणाला, त्यातला तो ढेरपोट्या बराबर आपल्या विजयकुमारसारखा, म्हणजे माझ्यासारखा, दिसते. मी म्हणलं, हिरोसारखा. अंगद फोनमधी बघून हसला, म्हणजे त्याला पटलं.
उद्यापासून रोज सकाळी चालणं. फुलाफुलाची बर्म्युडा मागवली.

६ नोव्हेंबर
चाललो न्हाई. दव लय पडलं होतं.

११ नोव्हेंबर
सोमेश्वर कटला. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणे. खोदून विचारलं तर म्हणाला, बायको, शिवकन्या, न्हाई म्हणते. लग्न झालेल्या माणसाची कीव येते. जाऊ दे, खरी मजा दोघात असते. नांदेडहून चोवीस तारखेची गाडी. हॉटेलही पाहून ठेवलं, बाल्कनीतून समुद्र दिसते.
हे सांगायला अंगदला फोन केला. एंगेज. परत केला, एंगेज. होणाऱ्या बायकोसंग, रागिणीसंग, चालू हाय. रोज एवढं काय बोलतात कोण जाणे. लग्नानंतरसाठी काही ठेवतात का न्हाई?

१५ नोव्हेंबर
आई म्हणाली, अंगद तुझ्याहून चार वर्षांनी लहान हाय. मी म्हणलं, माझं मीच थांबवून ठेवलंय. आई म्हणाली, व्हय, पोरीवाल्यांची दारात रांग लागलीय, मला पाणी भरायला जाता येईना. आई आजकाल टोमणेच मारते. कळमनुरीच्या स्थळानं नकार दिला तो दुकान भाड्याचं म्हणून. माझ्यामुळं न्हाई. इथं लिहून ठेवतो.

२१ नोव्हेंबर
घात झाला! रागिणीच्या आज्याची तब्येत एकदम बिघडली, म्हणून लग्न अलीकडं घेतलं. सव्वीसला लग्न, चोवीसला हळद. चोवीसला आमची गाडी!
अंगदच्या घरी गेलो. म्हणलं, हळद लावूनच गाडीत बस, गोव्यात कोण ओळखते तुला. त्याची आत्या चांगुणाबाई तिथंच तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, हळद लागल्यावर नवरदेव गावची शीव ओलांडत न्हाई, अन् तू त्याला समुद्रात नेतो काय रे मुडद्या? अंगद खाली मान घालून हसून राहिला. आतून त्याला लय वाईट वाटलं असंल.

२२ नोव्हेंबर
आयडिया सापडली. शीव ओलांडायची न्हाई ना? आपला पाझर तलाव शिवेच्या आत हाय! गोव्यात तरी काय असते, पाणी अन् रेती. इथं रेतीच्या जागी गाळ. चालते.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळी
ट्रिप झाली. यशस्वी म्हणायला हरकत न्हाई.
मी बर्म्युडा, गॉगल अन् स्पीकर घेऊन दुपारीच तलावावर पोचलो. अंगद आला तो पिवळाधम्मक, हातात लिंबू खोचलेली सुरी, अन् मागं चांगुणाआत्या. हळदीच्या नवरदेवाला एकटं सोडत न्हाईत म्हणे. आत्यामागं मावशी, मावशीमागं दोन करवल्या. सतरंजी टाकून शेंगा फोडत बसल्या. स्पीकर लावला तर आत्याचं डोकं दुखलं. पाण्यात उतरायचं तर अंगदची हळद जाईल. मी थर्मासात बियर आणली होती, ती मावशीनं चहा समजून तोंडाला लावली. त्यानंतर थर्मास आत्याच्या मांडीखाली.
मग आत्या म्हणाली, विजू, तुझं कवा रे? मी म्हणलं, सध्या करिअरवर फोकस हाय. करवल्या हसल्या. अंगद माझ्या बाजूनं बोलेल वाटलं, पण तो व्हिडिओ कॉलवर रागिणीला तलाव दाखवून राहिला होता.
जाताना त्याचा हात धरून म्हणलं, अंग्या, बदलू नको. तो म्हणाला, येडा हायस का. माझ्या हाताला त्याची हळद लागली. नवरदेवाची हळद लागली की आपलंही लवकर जमते म्हणतात. मी असलं मानत न्हाई. हात धुतला न्हाई एवढंच.

२६ नोव्हेंबर
वरातीत नाचलो. कोणी थांब म्हणलं न्हाई, म्हणून नाचतच राहिलो. कंबर गेली.

२ डिसेंबर
अंगदचा फोन! लग्नानंतर पहिला. बाल्कनीवाल्या हॉटेलचा नंबर मागितला. म्हणलं, माझी बॅग भरलेलीच हाय. तो म्हणाला, विजूभाऊ, मी अन् रागिणी चाललो. जन्मात पहिल्यांदा भाऊ म्हणाला. मी लगेच म्हणलं, तेच तर, बॅग नवी हाय, तुलाच घेऊन जा. संध्याकाळी घेऊन गेला.

५ डिसेंबर
अंगदच्या आईनं बोलावलं. अंगद न्हाई तर शेळ्या कोण चारणार? दुकान बंद ठेवून माळावर आलोय. दोस्तीत एवढं करावं लागते. शेळ्यांसंग सेल्फी काढला, अंगदला पाठवला. लिहिलं, इकडचं टेन्शन घेऊ नको, एन्जॉय. त्यानं पाहिलं, निळी खूण आली. उत्तर न्हाई.
इथं कोणी वाचत न्हाई म्हणून लिहितो. आज लय एकटं वाटून राहिलं. आमच्यातला बिनलग्नाचा आता मीच, अन् दुकान बंद केल्यावर जायचं कोणाकडं ते समजून न्हाई राहिलं.
पण अंगदला दोष न्हाई. समुद्राकाठी रेंजच नसंल. फोटो तेवढे सकाळपासून येऊन राहिलेत, सगळ्यांना.