पाकीट उघडण्याआधीचे आभार

आष्टा, रविवार संध्याकाळ

आज चर्चमध्ये माझी चूक झाली. चूकच ना ती?

आमच्याकडे उपासनेत आधी आभाराच्या साक्षी होतात, मग ज्याला अडचण असेल तो प्रार्थना मागतो. ह्यांच्या घशातल्या गाठीचा रिपोर्ट काल सांगलीहून आणला. पाकीट बंदच आहे, उद्या डॉक्टर उघडतील. मला प्रार्थना मागायची होती. पण घाबरून साक्षीच्या वेळीच उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "प्रभू, ह्यांच्यासाठी तुझे आभार."

सगळ्यांना वाटलं, रिपोर्ट चांगला आला. बाहेर बायका हात हातात घ्यायला लागल्या. सासूबाई कुजबुजल्या, "अगं, आदी पाकीट तरी फोडायचं हुतंस."

मी खोटं बोलले का? वाटभर तेच डोक्यात.

घरी आल्यावर हे बसक्या आवाजात म्हणाले, "बरं झालं बोललीस. महिन्याभरात आज पहिल्यांदा भ्या वाटलं न्हाई."

पाकीट बायबलमध्ये ठेवलंय. मघाशी दोनदा हातात घेतलं, उघडावंसं वाटलं नाही. उद्या त्यातून काहीही निघू दे. आभार मानून झालेत, ते मी परत घेणार नाही.