भंडारा माझ्यापुढं आला

मावशी, मला आमदारकीचं तिकीट मिळालं. तुझा थोरला, आमचा दादा, स्वतः घरी आला, खुर्चीत बसला, चहा प्याला आणि उठता उठता म्हणाला, "तुझं नाव पक्कं झालं." तेव्हापासून मी ना पेढा खाल्ला, ना कुणाला फोन केला. यात पाणी कुठं मुरतंय, एवढाच विचार चाललाय. लोक म्हणतात मी जात्याच संशयी आहे. जात्या कसली, तुझ्या चुलीपुढं शिकले मी ते.

उत्तर प्रदेशातून बापाचं बोट धरून लोणावळ्याअलीकडं कान्हे स्टेशनात उतरले तेव्हा मला मराठीचं अक्षर येत नव्हतं. आई तिकडंच वारली होती. बाप लोणावळ्याला चिक्कीच्या भट्टीवर कामाला लागला आणि तुझ्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहिलो. तो लोकलनं गेला की मी तुझ्या स्वयंपाकघरात. तुझीच मराठी माझ्या तोंडात बसली, म्हणून आज विरोधक मला परप्रांतीण म्हणतात तेव्हा मी त्यांच्याहून गावठी बोलते. एकदा वरच्या आळीच्या पाटलीणबाईंनी मला कोरा फ्रॉक दिला. मी नाचत आले. तू भाकरी थापता थापता मान वर न करता विचारलंस, कशापायी दिला? मी म्हटलं, मी आवडते त्यांना. तू म्हणालीस, आवडती व्हय, भाताच्या आवणीला बोलावतील बघ फुकाट. आणि खरंच बोलावलं! गुडघाभर चिखलात वाकून वाकून माझी कंबर धरली, आणि घरी आल्यावर तू वर हसलीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता तसं कुणी काही दिलं की माझा हात आधी मागं जातो.

पंचायतीत मी आले ते तू पाहिलंस. कारखान्यात कामाला येणारी बाहेरची माणसं खोल्यांतून राहायची, त्यांच्या नळाला पाणी नसायचं आणि त्यांच्या वतीनं भांडायला कुणी नसायचं. मी भांडले, त्यांनी मला निवडून दिलं. दादाला सरपंच व्हायचं होतं. निवडीआधी त्यानं आम्हा सगळ्या सदस्यांना देवळात नेलं. ताटात बेलाची पानं नि भंडारा. एकेकानं उचलायचा आणि शपथ घ्यायची, फुटणार नाही म्हणून. आपल्याकडं असंच बांधतात माणसाला. ताट माझ्यापाशी आलं तसं दादा म्हणाला, "हिचं राहू द्या," आणि ताट पुढं सरकलं. मला काय आनंद झाला! एवढा विश्वास! तुला येऊन सांगितलं. तू सुपात तांदूळ पाखडत होतीस. पाखडायची थांबलीस.

"इस्वास न्हाई गं बाये. तुजी शपथ आपल्या देवाला पोचती का, ह्येची शंका हाय त्येला."

लागलं मला. तुझ्याशी अबोला धरला मी. पण पुढं पंचायत समितीलाही तेच झालं. दर वेळी ताट मला टाळून गेलं. शपथ घेतलेले फुटले, मी नाही फुटले. हे सांगायला यावं तर तू गेलेली होतीस.

तर तिकीट. दादाचा मुलगा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला असताना ते माझ्या दारात का यावं? मी वहिनीला गाठलं, गोड बोलून काढून घेतलं. दादाच्या मुलाला द्यायचं तर दादाचा चुलतभाऊ त्याला पाडणार, चुलतभावाला द्यायचं तर दादा पाडणार. मग मी दादालाच तोंडावर विचारलं. तो जराही ओशाळला नाही. तुला दिलं तर भावकीत कुणाचं नाक कापलं जात न्हाई, म्हणाला. म्हणजे मी कुणाचीच नाही, म्हणून मला! लय वाईट वाटलं, मावशी. इथलं पाणी पिऊन केस पांढरे झाले माझे. तरी नाही म्हणाले नाही. खोल्यांतल्या बायका अजून हंडे घेऊन उभ्या आहेत, आणि खरं तर मला आमदार व्हायचंच आहे.

आज सकाळी अर्ज भरायच्या आधी सगळे देवळात जमले. ताट निघालं. मी सवयीनं बाजूला सरकले. दादानं ते माझ्याच पुढं धरलं.

"उचल."

मी म्हटलं, आजवर कधी सांगितलं नाही, आजच का?

"आजवर फुटून तू कुटं जाणार हुतीस? आमदार झालीस की मुंबईत कोण कुटं उचलून न्हेईल, सांगता येत न्हाई. आपल्या माणसावरच नजर ठेवाय लागती."

आपल्या माणसावर. माझे डोळे भरून आले. लगेच मनात आलं, हा मला विरघळवायला तर असं बोलला नसेल? तुझा मुलगा असला तरी राजकारणी आहे. त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. काही कळलं नाही. मी भंडारा उचलला आणि तो सांगेल तसं देवाचं नाव घेऊन मोठ्यानं बोलले. लोकांनी चांगभलं केलं. दादानं माझ्या कपाळाला भंडारा लावला, तो अजून पुसला नाही मी.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. माझी शपथ देवाला पोचते का, ह्याची आज मलाच खात्री वाटेना. तोंडानं देवाचं नाव घेतलं, पण मनातल्या मनात शपथ तुझी घेतली.